दोन डोलकाठ्यांची लहान नौका

शिडाची नौका म्हटली कीं डोळ्यांपुढें कोकणचा किनारा उभा राहतो. घोडनदीच्या कांठचें शिरूर आणि भीमेच्या कांठचें दौंड हीं गांवें त्या चित्रांत बसत नाहींत. त्याला कारणहि आहे. देशावरच्या नद्या पावसाळ्यांत दुथडी भरून वाहात आणि उन्हाळ्यांत गुडघाभर होत. उतारूंना पैलतीरीं नेण्यास एक नाव, एक लांब बांबू आणि एक नावाडी एवढें पुरें होई. शिडाला लागणारें रुंद व बारमाही पाणी येथें नव्हतें.

तें पाणी पुढें आलें. शिरूर तालुक्यांत चिंचणी येथें घोडनदीवर धरण झालें. आणि सोलापूर जिल्ह्यांतील उजनी धरण १९८० सालीं पुरें झाल्यावर त्याचा फुगवटा भीमेच्या पात्रांतून थेट दौंड तालुक्यापर्यंत चढला. पाणी आलें, परंतु त्यावरील वाऱ्याशीं वागण्याची विद्या पाण्याबरोबर येत नाहीं. २१ मे २०२४ रोजीं याच उजनीच्या जलाशयांत, करमाळा तालुक्यांतील कुगांव आणि इंदापूर तालुक्यांतील कळाशी यांच्या दरम्यान, वादळी वाऱ्यानें एक प्रवासी होडी उलटली आणि सहा जणांचे प्राण गेले. ती होडी शिडाची नव्हती. तेव्हां ज्याला या पाण्यावर स्वतःची शिडाची नौका ठेवावयाची असेल, त्यानें प्रथम वळवाच्या वाऱ्याचा विचार करावा आणि मग नौकेच्या रंगाचा.

या दृष्टीनें एक बांधणी विशेष विचारांत घेण्यासारखी आहे. तिला इंग्रजींत ‘कॅट केच’ म्हणतात. नांवावरून मांजराचा संबंध शोधूं नये! ‘कॅट’ म्हणजे पुढची डोलकाठी अगदीं नाळेजवळ रोवलेली आणि तिच्यापुढें दुसरें शीड नाहीं. ‘केच’ म्हणजे डोलकाठ्या दोन, पुढची मोठी व मागची धाकटी. दोन काठ्यांची ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाहीं. आंग्र्यांच्या काळच्या गलबतांना दोन डोलकाठ्या असत व त्यांतील मागची फार बारीक असे, असें अठराव्या शतकांतील इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें नमूद केलें आहे. एकट्यानें कोठेंहि न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करून १९६९ सालीं परतलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची बत्तीस फुटी ‘सुहैली’ हीहि केच जातीचीच, आणि ती बांधली गेली मुंबईंत, सागवानी लांकडांत.

लहान कॅट केचचे खरे पूर्वज मात्र गरीब घरचे आहेत. अमेरिकेंत न्यू हेवनच्या खाडींत कालवें काढणारे कोळी एकोणिसाव्या शतकांत ‘शार्पी’ नांवाची सपाट तळाची, दोन शिडांची होडी वापरीत. काठ्यांना ताण देणाऱ्या दोऱ्या नसत. काठी सरळ उचलून खोबणींत उभी करावयाची. अशा कित्येक होड्यांना मध्यभागीं तिसरी खोबण असे. हिंवाळ्यांत वारा माजला कीं दोन्ही काठ्या काढून एकच काठी त्या मधल्या खोबणींत उभी करीत. केवढा शहाणपणा एका भोंकांत सांठविलेला आहे!

कापडाचें क्षेत्र तेंच ठेवून तें दोन शिडांत वांटलें, कीं प्रत्येक शीड बुटकें होतें आणि वाऱ्याचा रेटा पाण्यापासून फार उंचीवर बसत नाहीं. म्हणून नौका कलंडण्याची ओढ कमी. झोत आला तर शिडाची दोरी सैल सोडावी. काठीला ताणाच्या दोऱ्या नसल्यानें शीड पुढेंहि मोकळें फिरतें आणि वारा सांडून देतें. तरीहि भागलें नाहीं तर एक शीड गुंडाळावें. मागच्या शिडाचा आणखी एक गुण असा कीं, तेवढेंच घट्ट आवळून ठेविलें तर नौका वातकुक्कुटासारखी तोंड वाऱ्याकडे करून राहते. एकट्या माणसाला घाम पुसण्यास, पुढचें शीड आवरण्यास उसंत मिळते. तीन माणसांचें काम एकटा करूं शकतो तें यामुळें.

दोषहि सांगितले पाहिजेत. वाऱ्याच्या तोंडावर चढण्यांत ही नौका पुढें लहान शीड असणाऱ्या एककाठी नौकेइतकी चपळ नसते, आणि पावसाळ्यांत येथें वारा पश्चिमेचा. दौंडकडून भिगवणच्या बाजूस जातांना दोन्ही शिडें दोन पंखांसारखीं पसरून जातां येतें. परतीला मात्र नागमोडी वळणें घेत तोच मार्ग दुपटीहून अधिक वेळांत कापावा लागतो. सकाळीं हौसेनें जो तास खर्च केला त्याचा हिशेब संध्याकाळीं द्यावा लागतो, तेव्हां अर्ध्या दिवसाच्या आंतच तोंड फिरवावें.

दुसरी अडचण कांठाची. समुद्राची भरती कांहीं तासांनीं परत येते. जलाशयाची ओहोटी मार्गशीर्षांत लागते ती श्रावणापर्यंत. मार्चमध्यें जेथें नौका बांधली तेथें मेमध्यें चिखल, आणि पाणी दूर गेलेलें. शिवाय बुडालेलीं झाडें, विहिरींचीं तोंडें, जुनीं बांधकामें पाणी उतरतांना वर येतात. म्हणून तळाची फळी वर ओढून घेतां येणारी हवी, आणि नौका दोघांनीं उचलून गाड्यावर चढवितां येईल इतकीच जड. पंधरा-सोळा फुटांची पुरे. पलीकडची हांव ज्याची त्यानें आवरावी. नौका पाण्यांत घालण्यापूर्वीं जलसंपदा विभागाची परवानगी विचारावी, आणि तरंगतें जाकीट अंगांत असावें, पेटींत नव्हे.

शिकण्याचे दिवस कार्तिक ते माघ. एप्रिल-मेंत दुपारीं नैर्ऋत्येकडे वा पूर्वेकडे आभाळ काळवंडूं लागलें कीं पाण्यावर असूं नये. असल्यास पुढचें शीड उतरवून जवळचा कांठ गांठावा, मग तो आपल्या गांवाचा असो वा नसो. पाणी आटलें म्हणजे काठ्या घरांत आढ्याला टांगाव्या, शिडें उंदरांपासून जपावीं, आणि नौका पालथी घालून सावलींत ठेवावी.