लोणार सरोवरातील सूक्ष्मजीव आणि आपली चोपण जमीन



बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. काळ्या कातळावर उल्का आदळून झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. आर्गॉन कालमापनानुसार त्याचे वय साडेपाच लाख वर्षांहून अधिक आहे.

या विवरात झरे व पावसाचे पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी वाफ होऊन उडते. मीठ व सोडा मागे राहतो. त्यामुळे पाण्याचा सामू १० च्या आसपास गेला आहे. अशा पाण्यात मासे सहसा जगत नाहीत, परंतु सूक्ष्मजीव भरपूर आहेत. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेही क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळेच, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले.

यांचा उपयोग काय? येथील काही जिवाणूंची विकरे, म्हणजे एन्झाइम, अल्कधर्मी पाण्यातही काम करतात. साधी विकरे तेथे निकामी होतात. कपडे धुण्याच्या पावडरीत व कातडी कमावण्यात अशी विकरे लागतात. येथे वाढणारे स्पिरुलिना हे शेवाळ प्रथिनांनी समृद्ध असते. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात त्याची टाक्यांमधून लागवड करता येते.

मग हे जिवाणू चोपण जमिनीत सोडले तर ती सुधारेल का? नाही. ते सोडियम सहन करतात. मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम दूर करीत नाहीत. निचरा नसलेल्या शेतात लोणारसारखीच क्रिया घडते, म्हणून उपायही तेथूनच सुरू करावा:

१. प्रथम माती परीक्षण करून घ्यावे.
२. निचऱ्यासाठी चर काढावेत.
३. अहवालातील शिफारशीप्रमाणे जिप्सम मातीत मिसळावे व भरपूर चांगल्या पाण्याने क्षार निचरून जाऊ द्यावेत.
४. पावसाळ्यात धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा.

लोणार परिसरातील शेतकऱ्यांना एक विनंती. शेतातून वाहून जाणारी खते, कीटकनाशके व गावचे सांडपाणी सरोवरात उतरले, तर पाण्याचा गुणधर्म बदलतो आणि त्यावर जगणारे सूक्ष्मजीव ओळख पटण्याआधीच नष्ट होऊ शकतात. २०२० पासून हे रामसर स्थळ आहे. उताराला आडवी पेरणी करावी, बांध राखावेत व खते हप्त्याने द्यावीत. त्यात सरोवर वाचेल आणि आपल्या खताचा पैसाही.