रात्री दोनची स्क्रिप्ट



पाणीपट्टीची बिलं ठेवणाऱ्या एका कार्यालयाची कल्पना करा. रात्री दोनला तिथल्या सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट आपोआप चालते. तिच्यात दोनच कमांड. पहिली जुनी बिलं संग्रहाच्या टेबलात उतरवते, दुसरी ती मूळ टेबलातून डिलीट करते. एके दिवशी कुणीतरी मूळ टेबलात एक कॉलम वाढवतं आणि संग्रहाच्या टेबलात वाढवायचं विसरतं. त्या रात्री पहिली कमांड एरर देते.

डेटाबेस पोस्टग्रेस असेल आणि स्क्रिप्ट त्याच्या पीएसक्यूएल या क्लायंटने चालवली असेल, तर एररची ओळ छापून ते सरळ पुढच्या कमांडला हात घालतं. बिलं पुसली जातात. शिवाय शेवटी एक्झिट कोड येतो शून्य, म्हणजे 'काम नीट झालं'. समोर माणूस बसलेला असेल तर ही पद्धत सोयीची आहे, कारण तो एरर वाचून थांबेल. रात्री दोनला ती वाचणारं कुणी नसतं, हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानेच धरून चालायला हवं.

सगळं काम पुरं व्हावं, नाहीतर काहीच होऊ नये, ही ट्रान्झॅक्शनची कल्पना संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी 1981 च्या निबंधात नेमकेपणाने मांडली. म्हणून दोन्ही कमांड बिगिन आणि कमिट यांच्यामध्ये घाला. मग पहिली फसली की पोस्टग्रेस पुढचं काहीच ऐकत नाही, आणि कमिट म्हटलं तरी रोलबॅकच करतं. बिलं वाचली. पण एक्झिट कोड अजूनही शून्यच! त्यासाठी 'ऑन एरर स्टॉप' चालू करावं लागतं. मग पीएसक्यूएल जागीच थांबतं आणि तीन हा कोड देतं.

इतरत्र मात्र नुसतं बिगिन-कमिट पुरतंच असं नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कन्स्ट्रेंट मोडला तर एरवी तेवढी एक कमांड रद्द होते, बाकीच्या चालतात आणि अर्धवट काम कमिट होतं. तिथे 'एक्सॅक्ट अबॉर्ट' ऑन करा. ओरॅकलचं एसक्यूएल प्लस एररनंतर पुढे जातं आणि बाहेर पडताना, वेगळं सांगितलं नसेल तर, कमिट करतं. मला ही सवय सगळ्यांत घातक वाटते. 'व्हेनएव्हर एसक्यूएलएरर एक्झिट फेल्युअर रोलबॅक' ही ओळ स्क्रिप्टच्या माथ्यावर हवीच. मायएसक्यूएलचा क्लायंट फाइल चालवताना एररला थांबतो खरा, पण ट्रान्झॅक्शनच्या मध्येच ऑल्टर टेबल आलं तर आधीचं सगळं गुपचूप कमिट होऊन जातं, मग रोलबॅकला मागे घेण्यासारखं काही उरत नाही.

आपल्या स्क्रिप्टचं काय होईल, हे पाहायचं असेल तर टेस्ट डेटाबेसवर दोन कमांडच्या मध्ये मुद्दाम एक चुकीची ओळ घाला आणि स्क्रिप्ट चालवा. आधी मूळ टेबलातल्या नोंदी मोजा, मग एक्झिट कोड पाहा. नोंदी जशाच्या तशा असतील आणि कोड शून्य नसेल, तरच ती रात्रीच्या वेळापत्रकात लावा.