बांधण्याआधी ऐकावं सभागृह

ग्रामसभेत आपण बहुतेक मागच्या सतरंजीवर बसतो. पुढे माइकवर कुणी 'टाकी' म्हणतं, 'पाटी' म्हणतं की 'गाडी', काही कळत नाही. कानाशी पोचतं ते नुसतं 'आ… ई'. हात वर होतात आणि ठराव मंजूर होतो. मागून एखादीने उठून विचारलं, तर तिचंही बोलणं पुढे तसंच पोचतं. मग वहीत लिहिलं जातं, 'कोणाचीही हरकत नाही.'

बायकांचा आवाज बारीक, म्हणून ऐकू येत नाही, असं सर्रास म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. दोष बऱ्याच वेळा खोलीचा असतो. गुळगुळीत गिलावा, वर स्लॅब, खाली फरशी, म्हणजे आवाज शोषणारं काहीच नाही. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर धावतो, भिंतीवर आपटून परत येतो आणि पुन्हा आपटतो. शब्दातला ट, प, ग यांचा ठोका क्षणभराचा आणि हलका असतो. आ, ई मात्र लांबतात. आधीचा 'आ' घुमत राहिला की पुढचं अक्षर त्याखाली बुडतं. कर्णा मोठा केला तर घुमणंही मोठं होतं, फायदा काही नाही.

हे पहिल्यांदा नीट मोजलं अमेरिकेत. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं. 1895 साली वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकावर ते काम सोपवलं. जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या उशा रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं, असं तो करत बसला. रिकाम्या खोलीत साडेपाच सेकंद लागायचे. उशांनी खोली भरली तेव्हा वेळ सेकंदभरावर आला. आणि शोषण मोजायला त्याने माप कोणतं घेतलं? उघडी खिडकी! खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून. त्याच हिशेबावर बांधलेलं बॉस्टनचं संगीत सभागृह 1900 साली उघडलं. आजही ते नावाजलेलं आहे.

आता उशा वाहाव्या लागत नाहीत. सभागृहाचा नकाशा संगणकात घालतात आणि कोणता पृष्ठभाग किती आवाज शोषतो ते सांगतात. मग संगणक बोलणाऱ्याच्या जागेवरून हजारो किरण सोडतो. प्रत्येक किरण कुठे आपटला, किती क्षीण झाला, मागच्या रांगेत केव्हा पोचला, याची नोंद होते. अजिबात न घुमणाऱ्या खोलीत ध्वनिमुद्रित केलेलं बोलणं त्या नोंदीत मिसळतात. कानाला हेडफोन लावला की न बांधलेल्या सभागृहात, अमुक खुर्चीवर बसून आपण ऐकतो. छत बदलून पुन्हा ऐकायचं. आम्हाला यातली मोठी गोष्ट हीच वाटते. नकाशा वाचायला शिक्षण लागतं. 'टाकी' ऐकू आलं की 'पाटी', हे कुणीही सांगेल.

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये 2013 साली संशोधकांनी आवाजाची मोजमापं घेऊन असं संगणकातलं चर्च तयार केलं होतं. 15 एप्रिल 2019 ला तिथे आग लागली. नंतर पुन्हा मोजलं, तर घुमणं कमी झालेलं. छताला भोकं पडली होती, म्हणजे सॅबाइनची उघडी खिडकीच. जुनी मोजमापं होती म्हणून आधी तिथे कसं ऐकू येत होतं, ते ताडून पाहता आलं. अर्थात संगणकाला भिंतीची माहिती चुकीची दिली तर उत्तरही चुकीचंच येणार. म्हणून बांधल्यावर पुन्हा मोजावं लागतं.

आपल्या समाजमंदिरासाठी संगणक नसला तरी सॅबाइनचा हिशेब चालतो. समजा खोली 12 मीटर लांब, 8 रुंद, 4 उंच. तिघांचा गुणाकार 384. त्याला 0.16 ने गुणायचं आणि शोषणाने भागायचं. साऱ्या कडक भिंती, छत, फरशी मिळून जेमतेम 10-11 चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं शोषतात. म्हणजे रिकाम्या खोलीत जवळजवळ सहा सेकंद! चाळीसजणी बसल्या की वेळ दोन सेकंदांवर येतो, कारण प्रत्येकीचे कपडे नि अंग साधारण अर्धा चौरस मीटर शोषतं. मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर 30 चौरस मीटर जाड गोधड्या टांगल्या तर दीड. खिडक्या उघडल्या की आणखी कमी. बोलणं स्पष्ट कळायला एक सेकंदाच्या आसपास हवं. आकडे अंदाजाचे आहेत, पण दिशा पक्की.

गोधडी भिंतीला चिकटवून लावू नका, वीतभर पुढे टांगा, शोषण वाढतं. आमच्या मुद्रणाच्या खोलीत वाकळाच आहेत. थर्माकोल मात्र लावू नका, तो आवाज फारसा शोषत नाही.

तुमच्या गावात नवं सभागृह मंजूर झालं असेल, तर गिलाव्याआधी अभियंत्याला विचारा, 'आवाज विरायला किती सेकंद लागतील?' मोठ्या खर्चाचं सभागृह असेल तर 'आधी ऐकवता का?' असंही विचारा. आणि जुनं असेल तर पुढच्या बैठकीआधी रिकाम्या खोलीत एक जोरदार टाळी वाजवा, मोजा, मग बायका बसल्यावर पुन्हा वाजवा. दोन्ही आकडे बैठकीच्या वहीत लिहून ठेवा. छताचा विषय निघेल तेव्हा दाखवायला लागतील.