पेपर वाचा, बांध मोजा
(पाड्यावरच्या बैठकीतील भाषण)



आम्ही संध्याकाळी पोरांचा वर्ग घेतो. त्यात पेपर वाचतो, शिळा असला तरी चालतो. एकानं बातमी मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी विचारायचं : यात कोण बोलतंय? कुणाला विचारलंच नाही?

'वनजमिनीवर अतिक्रमण' असं पेपरात येतं. तो शब्द आम्ही फळ्यावर लिहितो. मग पोरांनी घरी जाऊन आजा-आजीला विचारायचं : ही जमीन कोणी फोडली? बांध कोणी घातला? सांगतील ते वहीत उतरवायचं. वनहक्काच्या दाव्यात दावेदार सोडून गावातल्या जाणत्यांचा लेखी जबाब पुरावा धरतात. नुसती वही चालणार नाही, पण जबाब कोणाचा घ्यायचा हे वनहक्क समितीला त्यातून कळतं.

गणितही बातमीतच आहे. २००६ च्या कायद्यात ४ हेक्टर लिहिलंय. म्हणजे सगळ्यांना ४ हेक्टर वाटणार का? नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपल्या ताब्यात आहे तेवढीच, आणि जास्तीत जास्त ४ हेक्टर. एकरात सांगायचं तर दहाला थोडी कमी. एकराचे गुंठे ४०, गुंठा ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. पोरं दोरी घेऊन शेतावर मोजतात. उद्या कागदावर गुंठे कमी लागले, तर घरातलं पोरच बोट ठेवील.

गुरुजी, आठवड्यातला एक तास बातमीला द्या. पाड्यानं वर्गणी काढून एक पेपर लावा. आपल्याबद्दल काय छापतात ते आपल्या पोरांना कळलं पाहिजे.

जिंदाबाद!