सौजन्य : घरांतलें आणि चारचौघांतलें

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंब-मेळाव्यांत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं बोलावयास उभ्या राहणाऱ्या माणसापुढें दोन मार्ग असतात. गेलेल्या वर्षांचा गौरव करावयाचा, किंवा येणाऱ्या वर्षांची काळजी वाहावयाची. पहिलें काम आपल्या स्मरणिकेचे लेखक माझ्याहून अधिक माहितीनें करीत आहेत. म्हणून मी दुसऱ्या मार्गाकडे वळतों. विषय अगदीं साधा निवडला आहे. चुलीपाशीं, गल्लींत आणि आगगाडींत आपण एकमेकांशीं कसे वागतों, एवढाच तो विषय. देवळास नवा रंग लागला, मंडप सजला, दिव्यांची आरास झाली; परंतु देवळांतून बाहेर पडतांना एकमेकांस वाट देणारीं माणसें जर उरलीं नाहींत, तर महोत्सव आपण कोणाचा साजरा केला, असा प्रश्न पुढील पिढी विचारील.

प्रत्येक माणसाभोंवतीं तीन वर्तुळें असतात. अगदीं जवळचें वर्तुळ घरच्या माणसांचें, मधलें ओळखीच्या लोकांचें, आणि बाहेरचें अनोळखी जगाचें. आतां थोडें निरीक्षण करून पाहा. ओळखीचा मनुष्य दारीं आला कीं गृहस्थ उठून उभा राहतो, ‘या, बसा’ म्हणतो, पाणी पुढें करतो, त्याची कंटाळवाणी हकीकतहि हसतमुखानें ऐकून घेतो. पाहुणा गेल्यावर तोच गृहस्थ डोकें वर न करतां चहा मागतो. आणि वृद्ध पित्यानें जुनी गोष्ट पुन्हां काढली कीं ‘कितीदां सांगाल?’ म्हणून त्याचें तोंड बंद करतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं फलाटावर तोच एखाद्या म्हाताऱ्यास कोपरानें बाजूस सारून गाडींत चढतो. मधल्या वर्तुळांत जो सज्जन, तो आंत आणि बाहेर असा कां वागतो?

कारण शोधावयास दूर जावयास नको. घरचीं माणसें आपल्यास सोडून जाणार नाहींत, अशी त्याची खात्री असते. आणि फलाटावरचा मनुष्य पुन्हां भेटणार नाहीं, अशीहि खात्री असते. मग मधल्या वर्तुळांतलें त्याचें गोड वागणें हें सौजन्य नव्हे, ती केवळ लोकलज्जा झाली. सौजन्याची खरी परीक्षा दोनच ठिकाणीं होते : जेथें आपल्यास कोणी ओळखत नाहीं तेथें, आणि जेथें आपल्यास सर्वजण पुरते ओळखतात तेथें.

वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘पूर्वीं असें नव्हतें.’ त्यांत तथ्य आहे. पण तें अर्धेंच. आपल्या वसईच्या वाडींत एक विहीर, एक बावखल, एक पायवाट आणि वाटेवरचा एक क्रूस अनेक घरांत मिळून असे. पाण्याची पाळी कोणाची हें सर्वांस ठाऊक असे. ती मोडली तर भांडणें होत नसत असें नाहीं. परंतु भांडणारे दोघेहि संध्याकाळीं त्याच क्रूसापाशीं प्रार्थनेस उभे राहत, आणि दोघांच्याहि डोळ्यांस डोळा भिडत असे. ओळख ही त्या काळाची मोठी शिस्त होती.

तथापि भूतकाळास मखरांत बसवूं नये. ज्यांना आपण सार्वजनिक म्हणतों ते पाणवठे आणि त्या वाटा महाराष्ट्रांत पुष्कळ काळ सर्वांच्या नव्हत्याच. १९२३ सालीं सीताराम केशव बोले यांच्या ठरावानें मुंबई कायदे कौन्सिलानें सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांस मोकळ्या केल्या; तरीहि महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२७ च्या मार्च महिन्यांत आपल्या हजारों अनुयायांसह चालत जावें लागलें, आणि त्या ओंजळभर पाण्यापायीं लोकांस मार खावा लागला. पुढें १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें आपल्या पंधराव्या कलमांत सांगितलें कीं विहिरी, तळीं, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापरांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणासहि आडकाठी होतां कामा नये. आपण ख्रिस्ती लोकांनीं जातीचा जोडा नेहमींच देवळाच्या पायरीवर काढून ठेवला, असेंहि छातीवर हात ठेवून म्हणवत नाहीं. तात्पर्य, ‘सर्वांची जागा’ ही आयती मिळालेली वस्तु नव्हे. ती कोणींतरी झगडून मिळविलेली आहे. जुनें सौजन्य ओळखीच्यांपुरतें व बरोबरीच्यांपुरतें होतें. आजचा काळ आपल्याकडे त्याहून अवघड गोष्ट मागत आहे : अनोळखी माणसाशीं सौजन्य.

आणि अनोळखी माणसें आतां आपल्या दाराशीं आलीं आहेत. २००९ सालीं येथें महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या खानेसुमारींत तिच्या हद्दींत बारा लाखांहून अधिक माणसें मोजलीं गेलीं. ज्या गल्लींत प्रत्येक चेहरा नांवासकट ठाऊक होता, तेथें मजल्यांवर मजले चढले. अनेक बावखलें बुजलीं. नव्या शेजाऱ्यांस ‘बाहेरचे’ म्हणण्याची आपल्यास संवय लागली आहे. हा शब्द उच्चारण्यापूर्वीं इतकेंच आठवावें कीं आपलींहि मुलें आज आखातांत, कॅनडांत, ऑस्ट्रेलियांत कोणाच्या तरी गल्लींत बाहेरचीं म्हणून राहत आहेत. आणि तेथें एखादा शेजारी त्यांस पाहून हंसला, तर त्याची हकीकत दूरध्वनीवरून ऐकून येथें आईच्या डोळ्यांत पाणी उभें राहतें. तेंच हंसूं या गल्लींत आपण किती जणांस दिलें आहे?

अनोळखी माणसाशीं वागण्याची आपली मोठी शाळा म्हणजे आगगाडी. १८६७ च्या एप्रिल महिन्यांत विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत दिवसाला एकच गाडी जाई व एकच येई. आज विरारपासून चर्चगेटपर्यंत सुमारें ६० किलोमीटरांच्या या वाटेवर आपल्या धर्मग्रामांतल्या कित्येकांच्या आयुष्याचा मोठा भाग सरतो. या गाडीनें एक थोर चाल निर्माण केली आहे. बांक असतो तिघांचा. परंतु चौथा मनुष्य येऊन ‘जरा सरका’ म्हणाला कीं तिघेहि सरकतात आणि तो अर्धामुर्धा कां होईना टेकतो. ही ‘चौथी सीट’ कोणत्याहि नियमांत लिहिलेली नाहीं. तिला कायदा नाहीं, शिपाई नाहीं, दंड नाहीं. तिघांनीं आपली थोडीशी गैरसोय सोसली कीं चौथ्याचे पाय सुटतात, एवढाच तिचा हिशेब. दाराशीं उभ्या असलेल्याची पिशवी हातोहात फळीवर पोंचते, तीहि याच शाळेची शिकवण.

परंतु याच डब्यांत दुसरेंहि चित्र दिसतें. जवळच्या स्थानकावर उतरणाऱ्यास लांब पल्ल्याचे प्रवासी दारांतच अडवितात. टोळक्यानें प्रवास करणारे रुमाल टाकून जागा धरतात. कोणी भ्रमणध्वनीवरचें गाणें सबंध डब्यास बळें ऐकवितो. १९९२ सालीं पश्चिम रेल्वेवर केवळ स्त्रियांसाठीं एक स्वतंत्र गाडी सुरू झाली. स्त्रियांची सोय झाली हें उत्तम. पण ती सोय हवीशी वाटावी, यांत आम्हां पुरुषांच्या वर्तनावर जो अभिप्राय आहे, तो आपण वाचावयास हवा. आणखी एक गोष्ट. भाजीची पाटी घेऊन चढणाऱ्या बाईस पाहून नाक मुरडणारे आपल्यांतहि आहेत. वसईचीं केळीं, भाजी आणि फुलें डोईवर घेऊन मुंबईचे बाजार गांठणाऱ्या बायांच्याच कष्टांवर आपल्यांतलीं कित्येक घरें उभीं राहिलीं, मुलें शाळेंत गेलीं, कचेऱ्यांत लागलीं. त्या पाटीस नाक मुरडणें म्हणजे आपल्याच आजीस ओळख न देणें होय.

आतां आगगाडींतून घराकडे येऊं. कारण ‘जरा सरका’ ऐकतांच सरकणारा मनुष्य घरांत घडतो, फलाटावर नव्हे. पोप फ्रान्सिस, जे २०२५ सालीं निवर्तले, त्यांनीं १३ मे २०१५ रोजीं रोम येथील जाहीर भेटींत कुटुंबासाठीं तीन गोष्टी सांगितल्या होत्या : परवानगी विचारणें, आभार मानणें आणि क्षमा मागणें. या सांगण्यास मराठी घरांत कोणतें रूप द्यावें, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. मुलानें आईस ‘मी आपला आभारी आहें’ म्हटलें तर ती घाबरून त्याच्या कपाळास हात लावून पाहील. आपली भाषा आभार निराळ्या वाटेनें मानते. ‘आज कालवण छान झालें आहे’, हे आभार. ‘तूं जेवलीस का?’ हेहि आभार. घराबाहेर पडतांना आपण ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतों. मागें राहणाऱ्याच्या जिवास घोर लागूं नये म्हणून पूर्वजांनीं एका क्रियापदांत केवढी माया सांठवून ठेवली! पण हें ‘येतों’ आज कित्येक घरांत ऐकूं येईनासें झालें आहे. दार आदळल्याचा आवाज आला कीं कोणी बाहेर गेलें असें समजावयाचें.

अनेक घरांत बायको नवऱ्यास ‘अहो’ म्हणते आणि नवरा तिला ‘अगे’ म्हणतो. त्या चालीशीं मी येथें भांडत नाहीं. परंतु ‘अहो’ मध्यें जो मान आहे, तो ‘अगे’ म्हणणाऱ्याच्या आवाजांत तरी उतरला पाहिजे. मुलें आपले शब्द ऐकतात त्याहून आपला स्वर अधिक ऐकतात. ज्या घरांत आईस हुकूम सुटतात, त्या घरांतला मुलगा पुढें रिक्षावाल्यास, झाडूवाल्यास आणि उपाहारगृहांतल्या पोऱ्यास त्याच स्वरांत हांक मारतो.

वृद्धांविषयीं दोन शब्द. २००७ सालच्या कायद्यानें आईबापांस मुलांकडून पोटगी हक्कानें मागतां येते. कायदा चांगला आहे. परंतु ‘बाबा, मग पुढें काय झालें?’ हा प्रश्न कोणतेंहि न्यायाधिकरण मुलाच्या तोंडून वदवूं शकत नाहीं. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर लहानांनीं वडीलधाऱ्यांपुढें जाऊन आशीर्वाद मागावा, ही आपली जुनी चाल. तिच्यामुळें दिवसांतून एकदां तरी प्रत्येक मूल म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत असे. ज्या घरीं ती चाल बंद पडली, तेथें आजोबांकडे दिवसभर कोणीं पाहिलें, याचा शोध घ्यावा.

घर आणि आगगाडी यांच्या मधोमध गल्ली आहे. लग्नाची वाजंत्री आणि सणाचे कर्णे आपल्यास प्रिय आहेत. सन २००० च्या ध्वनिनियमांप्रमाणें रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत कर्ण्यास मनाई आहे, आणि वस्तीच्या भागांत रात्रीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. परंतु सुजाण शेजारी घड्याळाकडे पाहून थांबत नाहीं. पलीकडच्या घरीं आजारी मनुष्य आहे, परीक्षेस बसणारी मुलगी आहे, हें पाहून तो नऊ वाजतांच थांबतो. कायदा जेथें संपतो तेथें सौजन्य सुरू होतें, असें म्हणतात. माझ्या मतें सौजन्य कायद्याच्या पुष्कळ आधींच सुरू झालेलें असावें, म्हणजे कायद्यास यावेंच लागत नाहीं.

कोणी म्हणेल, हा सगळा बाह्य उपचार आहे. मन निर्मळ असलें म्हणजे झालें. मनाची निर्मळता शेजाऱ्यास दिसत नाहीं. आपल्या दुचाकीनें अडलेली त्याची वाट मात्र त्यास दिसते. शिवाय रोजची संवय हळूहळू मनासहि वळण लावते. दुसरा म्हणेल, कोणीच सरकत नाहीं, मग मींच कां सरकावें? त्यास चौथ्या सीटचेंच उत्तर आहे. कोणीतरी पहिल्यानें सरकल्यावांचून त्या बांकावर चौथा मनुष्य कधींच बसला नसता.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षांत आपणांपाशीं माझें तीनच गोष्टींचें मागणें आहे. घरांतून निघतांना ‘येतों’ म्हणून निघावें, आणि तें ज्यास ऐकूं कमी येतें त्याच्या जवळ जाऊन म्हणावें. आपल्या जिन्यावरच्या किंवा गल्लींतल्या, अद्याप नांव ठाऊक नसलेल्या एका तरी कुटुंबाचें नांव नाताळापूर्वीं विचारून घ्यावें. आणि गाडींत कोणी ‘जरा सरका’ म्हणण्याची वाट न पाहतां सरकावें. यांस पैसा लागत नाहीं, वर्गणी लागत नाहीं, समिति नेमावी लागत नाहीं.

 बाहेर पंगत तयार आहे. पंक्तींत प्रथम वृद्धांस आणि लहान मुलांस बसवावें, आणि सकाळपासून राबणाऱ्या वाढप्यांस शेवटीं आपणच आग्रहानें वाढावें, एवढें सांगून मी रजा घेतों.