लासलगावचा कोबाल्ट, कणादांचा परमाणू



२०२१ च्या डिसेंबरात नाशिकला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष होते खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर. त्याच गावात आज राज्यातल्या विज्ञानशिक्षकांच्या अधिवेशनाचा मांडव पडला आहे, याचा मला फार आनंद आहे.

पदार्थाला अखेरचा, न फुटणारा घटक आहे का, हा आपल्या चर्चेचा विषय. त्यासाठी थेट जिनिव्हाची सर्न प्रयोगशाळा गाठायला नको, लासलगावपासून सुरुवात करता येते. मी लासलगावच्याच निफाड तालुक्यातला. घरी कांदा पिकतो आणि उमेदीची वर्षं भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली. उन्हाळ कांदा चाळीत भरला की पावसाळा सरता सरता त्याला कोंब फुटू लागतात, हे आमचं जुनं दुखणं. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगावला विकिरण केंद्र उभारलं ते त्यासाठीच. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडले की कोंब धरणाऱ्या पेशींची वाढ खुंटते. कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही, कारण त्या किरणांत तेवढी ऊर्जाच नसते. २००७ साली अमेरिकेला रवाना झालेला हापूसही याच केंद्रातून गेला.

आता जरा त्या कोबाल्टच्या आत डोकावू. त्याच्या अणुकेंद्रकात २७ प्रोटॉन आणि ३३ न्यूट्रॉन असतात. त्यातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि कोबाल्टचं निकेल होऊन जातं. त्याच वेळी एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. मागे राहिलेली जादा ऊर्जा निकेलचं केंद्रक गॅमा किरणांच्या रूपाने टाकून देतं. सव्वापाच वर्षांत निम्मा कोबाल्ट असा सरतो. वर्गात हे सांगितलं की एखादी चुणचुणीत मुलगी हमखास विचारायची, ‘सर, तो इलेक्ट्रॉन आधी आत कुठे होता?’ कुठेच नव्हता! न्यूट्रॉन ज्या क्वार्क नावाच्या कणांचा बनतो, त्यातला एक डाउन क्वार्क अप क्वार्क झाला, आणि त्या घडामोडीत इलेक्ट्रॉन नव्याने जन्माला आला. क्वार्क आजवर कुणालाही फोडता आलेला नाही, तरी तो बदलतो. जे फुटत नाही ते बदलतही नाही, ही आपली जुनी समजूत इथे मोडते, आणि या अधिवेशनात तिच्यावर मोकळेपणी बोलावं, एवढंच मला सांगायचं आहे.

ही समजूत लहानसहान नव्हे. कणाद ऋषींच्या वैशेषिक दर्शनातला परमाणू नित्य आहे. त्या दर्शनाचं म्हणणं असं: पदार्थाचे तुकडे अखंड होत राहिले, तर मेरू पर्वतातही अनंत अवयव आणि मोहरीतही अनंत; मग लहानमोठं ठरवायचं कशावरून? हा युक्तिवाद मला आजही देखणा वाटतो. मात्र कवडशात तरंगणाऱ्या कणात सहा परमाणू, हा त्या परंपरेतला हिशेब प्रयोगापुढे टिकत नाही. त्या कणात अब्जावधी अणू असतात. कणादांना अणुभट्टीचे आद्य जनक ठरवून टाळ्या घेण्यापेक्षा त्यांचा प्रश्न पुढे नेणं, हा त्यांचा खरा मान.

तो पुढे नेणारी माणसं आपल्यातलीच आहेत. पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्रज्ञ डॉ. रोहिणी गोडबोले २०२४ च्या ऑक्टोबरात गेल्या. त्यांचं एक काम फोटॉनवरचं. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, हा तर मूलभूत. पण अति उच्च ऊर्जेला तो काही काळ क्वार्क-प्रतिक्वार्कांच्या रूपात वावरतो, आणि फोटॉन एकमेकांवर आदळले की त्यातून कणांचा मोठा पसारा उडू शकतो. हे त्यांनी मानुएल ड्रेस यांच्यासोबत दाखवून दिलं. त्याला आज ड्रेस-गोडबोले परिणाम म्हणतात. आणि लासलगावच्या काँक्रीटच्या भिंती सहज ओलांडून जाणाऱ्या त्या प्रतिन्यूट्रिनोचे भाऊबंद न्यूट्रिनो १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह टिपले. प्रोटॉन तरी चिरंजीव आहे का, याचा शोधही पुढे त्याच खाणीत घेतला गेला. प्रोटॉनचा ऱ्हास जगात कुठेही अजून सिद्ध झालेला नाही.

शिक्षक मित्रांनो, म्हणून एक विनंती. ‘क्वार्क आणि इलेक्ट्रॉन अविभाज्य आहेत’ असं फळ्यावर लिहून मोकळे होऊ नका. प्रोटॉनच्या सुमारे हजाराव्या हिश्श्याइतक्या अंतरापर्यंत तपासलं, तिथवर आत काही रचना सापडली नाही, असं पूर्ण वाक्य मुलांना द्या. आणि ते कसं तपासलं, हे त्यांनी विचारलं तर तास संपला तरी सांगा.

उद्या सकाळी सात वाजता लासलगावची गाडी इथूनच सुटेल. वाटेत कांद्याचे लिलावही बघता येतील. निवास-भोजनात काही उणं राहिलं तर कार्यकर्त्यांना हक्काने सांगावं. अध्यक्ष महोदयांना अधिवेशनाची सूत्रं हाती घेण्याची विनंती करतो.