हैदराबादला घर शोधताना



आपलं साखरखेर्डा गाव आणि हैदराबाद यांचं नातं जुनं आहे.
1724 साली आपल्याच शिवारात निजामानं मुबारिझ खानाचा पराभव केला...
आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया घातला गेला.

आज आपली मुलगी किंवा मुलगा नोकरीसाठी हैदराबादला निघाला,
की घरात पहिला प्रश्न येतो...
राहायचं कुठं?

माझं सांगणं एकच.
आधी कामाचा रस्ता... मग घर.

काचीगुडा, सुलतान बाजार हे मराठी माणसांचे जुने भाग.
तिथं रस्त्यात मराठी कानावर पडते.
आईवडिलांना तिथंच बरं वाटेल, आणि ते स्वाभाविक आहे.
पण संगणक कंपन्या आहेत शहराच्या पश्चिमेला...
माधापूर, गच्चीबावलीकडे.
रोज दोन वेळा शहर ओलांडून माणूस थकून जातो.

म्हणून मेट्रोचा नकाशा बघा.
मियापूर, कुकटपल्ली मेट्रोच्या वाटेवर आहेत.
अमीरपेटला गाडी बदलली, की माधापूरची हायटेक सिटी गाठता येते.

आता पाण्याचं.
2020 च्या ऑक्टोबरात हैदराबादच्या कितीतरी सखल वसाहतींत पाणी शिरलं.
घरमालकाला तर विचाराच...
पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारालाही विचारा.
पावसाळ्यात गल्लीत पाणी तुंबतं का?
उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का?

पुन्हा सांगते...
आधी कामाचा रस्ता, मग घर.

ऑफिसच्या वेळेला, त्या घरापासून कामापर्यंत एकदा स्वतः जाऊन बघा.
डिपॉझिट त्यानंतरच द्या.